बुलपेनवर वाद घालणाऱ्यांनी फॅनग्राफ्स वापरावं

बेसबॉलच्या सामन्यात रिलीव्हर, म्हणजे मधेच चेंडू टाकायला येणारा पिचर, बदलायला मॅनेजर डगआउटमधून (संघ बसतो त्या जागेतून) बाहेर आला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. भावजींचं सगळं सेव्हच्या आकड्यावर, म्हणजे पिचरने आघाडी शेवटपर्यंत किती वेळा टिकवली यावर, चालतं. सेव्ह भरपूर आहेत ना, मग माणूस भरवशाचा! मी वॉशिंग्टन नॅशनल्सची चाहती आहे आणि आमच्या बुलपेनने, म्हणजे रिलीव्हरच्या ताफ्याने, बरंच काही दाखवलंय. म्हणून मी फॅनग्राफ्स ही बेसबॉलच्या आकडेवारीची साइट उघडते.

सेव्ह 1969 पासून अधिकृत आहे, पण नियम फार सैल. तीन धावांची आघाडी असताना नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला या, दोन धावा देऊन सुटा, तरी सेव्ह तुमचाच. त्या दिवसाचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी) मात्र 18.00! याउलट सातव्या इनिंगला एका धावेची आघाडी आहे, आधीच्या पिचरने तिसऱ्या बेसवर धावपटू सोडलाय, आणि तो एका उंच फ्लायवर घरी पोचला. ब्लोन सेव्ह (हातची आघाडी घालवल्याची नोंद) लागतो नव्या पिचरला, धाव चढते जुन्याच्या खात्यावर. मग भरवसा ठरवायचा कशावरून?

फॅनग्राफ्सच्या लीडरबोर्डवर रिलीव्हर निवडून विन प्रॉबॅबिलिटीचा तक्ता उघडा. तिथे शटडाउन आणि मेल्टडाउन असे दोन रकाने आहेत. पिचरने संघाची जिंकण्याची शक्यता किमान 6 टक्क्यांनी वाढवली तर शटडाउन, तेवढीच खाली आणली तर मेल्टडाउन. सातव्या-आठव्या इनिंगला सामना वाचवणाऱ्यालाही इथे शेवटची इनिंग टाकणाऱ्या क्लोझरइतकाच मान मिळतो, आणि मला हे अगदी रास्त वाटतं. शेजारी लीव्हरेज इंडेक्स आहे. 1 म्हणजे सरासरी दडपण. ज्याला नेहमी त्याच्या खूप खालीच उतरवलं जातं, त्याच्या सुंदर ईआरएवर मी भाळत नाही.

2019 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना या साइटवर चेंडूगणिक नाही, पण बॅटरगणिक वाचता येतो. तो जरूर वाचा. त्या मोसमात आमच्या बुलपेनचा ईआरए 5.66, नॅशनल लीगमधला सगळ्यात वाईट. समोर ह्यूस्टनचा रिलीव्हर विल हॅरिस, मोसमाचा ईआरए 1.50. सातव्या इनिंगला 2-1 अशा आघाडीवर तो आला. आमच्या हाउई केंड्रिकला त्याने बाहेरच्या बाजूला, खाली कटर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) टाकला. वाईट चेंडू नव्हताच तो. केंड्रिकने तो उजवीकडच्या फाउल पोलवर आदळवला, म्हणजे दोन धावांचा होमर, आणि आम्ही 3-2 ने पुढे. आदल्या रात्रीही हॅरिसनेच आमच्या अँथनी रेंडनला होमर दिला होता. आमच्याकडून पॅट्रिक कॉर्बिन, जो खरा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), तीन इनिंग टाकून गेला आणि नववी डॅनियल हडसनने संपवली. वर्षभराचा आकडा एका रात्रीची हमी देत नाही, हे भावजींना मी याच पानावर दाखवलं.

म्हणूनच मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते याच साइटच्या रोस्टररिसोर्स या विभागातलं क्लोझर डेप्थ चार्टचं पान. क्लोझर कोण, त्याच्या आधी येणारा सेटअप कोण आणि गेल्या काही दिवसांत कोणी किती चेंडू टाकले, हे तिथे एका नजरेत दिसतं. लागोपाठ दोन दिवस राबलेला पिचर आज का बसवला, यावर मॅनेजरला शिव्या घालण्याआधी ते बघावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

त्रुटी आहे ती मेल्टडाउनच्या हिशेबात. शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटलेला चेंडूही पिचरच्याच माथी बसतो. त्यामुळे मी त्याच्या जोडीला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि वॉकची (फुकट बेस दिलेल्यांची) टक्केवारी बघितल्याशिवाय मत बनवत नाही. दुसऱ्याने सोडलेल्या धावपटूंपैकी किती घरी आले, यासाठी मी बेसबॉल-रेफरन्स या दुसऱ्या साइटकडे जाते. तो रकाना तिथे चोख आहे.

नव्या माणसाला पहिल्यांदा रकान्यांची गर्दी अंगावर येईल. त्याने आपल्या संघाचं एकच पान उघडावं, शटडाउन-मेल्टडाउनचे दोन रकाने धरावेत आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येणाऱ्या ट्रेड डेडलाइनपर्यंत (संघांनी खेळाडूंची अदलाबदल करण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत) रोज बघावेत. पैसे भरून सभासद झालं तर जाहिराती जातात. मी भरते.