पाटी कोपऱ्यावर लावायची की पुलावर?

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या बैठकीत ‘आपल्या माणसाचं नाव इथल्या रस्त्याला देऊया’ असा विषय निघाला की लगेच खर्चावर चर्चा सुरू होते. त्याआधी ठरवायला हवं, दार कोणाचं ठोठावायचं? शहराचं की राज्याच्या विधिमंडळाचं?

न्यूयॉर्क शहरात चौकाला जोडनाव मिळतं. कम्युनिटी बोर्डाची, म्हणजे त्या भागातल्या स्थानिक सल्लागार मंडळाची, शिफारस घ्यायची, आपल्या भागातल्या नगरसेवकाला गाठायचं. मग सिटी कौन्सिल अशा बऱ्याच नावांची मोट बांधून एकच विधेयक मंजूर करतं. मूळ नाव कायम राहतं, पत्ता कुणाचाच बदलत नाही, त्यामुळे दुकानदार भांडायला येत नाहीत. क्वीन्समध्ये ६१वा रस्ता ब्रॉडवेला मिळतो तिथे २०२३ पासून ‘डॉ. बी. आर. आंबेडकर वे’ अशी पाटी आहे. रस्ता ओलांडायला थांबलेला माणूस ती निवांत वाचतो.

पूल किंवा राज्य महामार्ग हवा असेल तर गाठ विधिमंडळाशी, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. न्यूयॉर्कमध्ये रीतसर कायदा लागतो, वर गव्हर्नरची सही. कॅलिफोर्नियात दोन्ही सभागृहांचा ठराव पुरतो. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या पश्चिम भागाला तिथले माजी महापौर विली ब्राउन यांचं नाव दिलं गेलं, तेही ते हयात असताना. गव्हर्नर जेरी ब्राउन विरोधात होते, पण सहीच लागत नसल्याने अडवणार कसे? पाटीचा खर्च मात्र तिथे देणग्यांतून उभा करावा लागतो. फ्लोरिडात तर कायदा झाला तरी संबंधित शहराचा किंवा काउंटीचा पाठिंब्याचा ठराव येईपर्यंत फलक लागत नाही. म्हणजे दोन्ही दारं आलीच.

माझं मत कोपऱ्याला. पुलाचा मान मोठा खरा, पण न्यूयॉर्क राज्यात जुन्या टॅपन झी पुलाच्या जागी बांधलेल्या पुलाला २०१७ मध्ये माजी गव्हर्नर मारिओ कुओमो यांचं नाव देऊनही बरेच लोक अजून टॅपन झीच म्हणतात.

काहीही निवडा, रोमन स्पेलिंग घरच्यांकडून आधी लिहून घ्या. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाच्या नावात १९६० मध्ये एकच ‘झेड’ पडला. ज्या इटालियन दर्यावर्दीचं ते नाव, त्याच्या नावात दोन आहेत. दुसरा ‘झेड’ बसवायला २०१८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे तर सख्खे भाऊसुद्धा ‘कुलकर्णी’ दोन तऱ्हांनी लिहितात.