हगिन आणि एन्फ्यूज: जुन्या चर्चमध्ये काही महिने वापरल्यावर

दिवाळीपासून या उन्हाळ्यापर्यंत एचडीआरसाठी, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकात मिसळायला, मी हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं एन्फ्यूजच वापरतोय. फुकट आहे म्हणून घेतलं. टिकलं ते मात्र चर्चच्या आतल्या फोटोंमुळे. जालना ही हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, एकेकाळची छावणी, शेजारीच रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल, आणि इकडे संभाजीनगरची छावणी. इंग्रजी अमदानीतली चर्च आपल्याकडे मोजकीच, पण फोटोवाल्याचा घाम काढणारी.

घाम काढतं ते ऊन. मार्चमध्ये सकाळी अकरालाच खिडकीबाहेरचं अंगण पांढरंफटक होतं आणि आत मागच्या बाकांखाली काही दिसत नाही. दोन्हींतला फरक १२ स्टॉपपर्यंत सहज जातो. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे हा फरक ४,०९६ पट झाला. एका रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) एवढी सावली उपसायला गेलं की नुसते दाणे हाती लागतात.

माझा कॅमेरा कॅनन १५००डी. त्याचं ब्रॅकेटिंग, म्हणजे आपोआप कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेणं, तीन फ्रेमचं, अंतर जास्तीत जास्त २ स्टॉप. आतल्या कामाला ते अपुरं पडतं, म्हणून मॅन्युअलवर एफ ८ आणि आयएसओ १०० ठेवून फक्त शटर बदलत जातो: १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि शेवटी २ सेकंद. फोकस आणि व्हाइट बॅलन्स आधीच बांधून टाकायचे. दर वेळी चाक फिरवताना कॅमेरा केसभर हलतोच, ते हगिनचं अलाइन इमेज स्टॅक मुकाट्याने निस्तरतं. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

पंख्यांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. चर्चचं छत उंच, त्यामुळे पंखे लांब दांडीचे आणि नेमके फ्रेमच्या मधोमध. १/५०० ला पाती जागच्या जागी थिजलेली, २ सेकंदांना नुसती धुरकट चकती. एन्फ्यूज दोन्ही एकात एक मिसळतं आणि चकतीत अर्धवट पाती उगवतात. अशी भुतं, म्हणजे हललेल्या वस्तूंच्या अर्धवट छटा, काढायची सोय यात नाही. रखवालदार काकांना विनंती करून पंखे बंद करायचे आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. ट्यूबलाइटही बंदच हव्यात. त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे जलद शटरच्या फ्रेममध्ये भिंतीचा रंग दर वेळी निराळा येतो.

दुसरा जाच जागेचा. एन्फ्यूज रॉ घेत नाही. आधी डार्कटेबल या रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून १६ बिट टिफ फाइल काढावी लागते आणि २४ मेगापिक्सेलची एक टिफ जवळजवळ १४५ एमबीची होते. सहा फ्रेमचे किती झाले ते बघा. माझा जुना लॅपटॉप तेवढ्यात चहा पिऊन यायची सवड देतो.

आता खरी मजा. एन्फ्यूज प्रत्येक ठिकाणी ज्या फ्रेमचा उजेड मध्यम असेल तिला जास्त वजन देतं. ही २००७ साली मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी मांडलेली एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत. मधे एचडीआर फाइल बनतच नाही, त्यामुळे काटेकोर मंडळी याला एचडीआर म्हणायलाही तयार नसतात. न म्हणोत. टोन मॅपिंगचे (एचडीआर फाइलचा उजेड पडद्यावर मावेल इतका दाबायचे) स्लायडर ताणले की खिडकीच्या कमानीभोवती जी पांढरी प्रभावळ येते, ती इथे क्वचितच दिसते, आणि काळ्या दगडाचं प्लॅस्टिक होत नाही.

तरी मूळ सेटिंगवर सगळीकडे सारखाच उजेड पडल्यासारखं वाटतं. मी एक्स्पोजर ऑप्टिमम, म्हणजे कोणता उजेड मध्यम धरायचा तो आकडा, ०.५ वरून ०.४ वर आणतो. रंगाच्या गडदपणाचं वजन मुळात ०.२ असतं, ते ० करतो, कारण चुन्याच्या पांढऱ्या भिंतीत निवडण्याजोगा रंग असतोच कुठे? इतकं केलं की वेदीवरचा उजेड वेदीपाशीच राहतो आणि बाकांखाली थोडा अंधार उरतो. एका चर्चच्या पाळकसाहेबांपुढे दोन्ही प्रिंट ठेवल्या होत्या. ०.५ वाली उचलून म्हणाले, "हा तर लग्नाचा हॉल झाला की हो." दुसरी ऑफिसात लावायला ठेवून घेतली.

बाहेरून फोटो काढायचा असेल तर या भानगडीत पडूच नका. उन्हातला दर्शनी भाग एका रॉमध्ये आरामात मावतो, आणि सहा फ्रेम घेईस्तोवर लिंबाच्या फांद्या हलून पानांचा चिखल होतो तो वेगळाच. संध्याकाळी पाचनंतर जा, एक फ्रेम घ्या, परत या.

घ्यावं का? आतले फोटो काढणार असाल आणि कमांड टाइप करायचा कंटाळा नसेल तर जरूर. वाचलेले पैसे वजनदार ट्रायपॉडवर घाला. फरशी गुळगुळीत असते, पायांना रबरी टोप्या हव्यातच. परवानगी पाळकसाहेबांकडून आधी घ्या, रविवारी उपासनेच्या वेळी जाऊ नका, आणि नाताळाच्या आठवड्यात तर सजावटीच्या झिरमिळ्या वाऱ्याने इतक्या हलतात की सहा फ्रेम जुळवायचा नादच सोडा.