बंबाची धार एक्सलेटरवर हलते का, ते आधी बघा

रावेर पट्ट्यातल्या एका केळी बागायतदाराने शेतावरच्या पर्यटन केंद्रासाठी जुना अग्निशमन बंब घेतला. टाटाची चेसिस, लालभडक रंग, पुढे चकाकती घंटा. विकणाऱ्याने गोदामात इंजिन चालू करून दोन पाइपांतून पाणी उडवून दाखवलं. "भाऊ, 1944 साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला ना, त्या आगीवर गेलेली गाडी आहे ही. विंटेजचा व्हीए नंबर काढून द्यायचं माझ्याकडे लागलं." सगळी रक्कम तिथेच दिली गेली. शेतावर मात्र पंपातून थेंबही निघाला नाही, आणि कागद म्हणून हातात होती फक्त नोटरी केलेली स्टॅम्पपेपरची दोन पानं.

आधी पाण्याचं बघू, कारण तिथे डोळ्यांदेखत फसवलं गेलं. टाकीच्या मॅनहोलमधून शेतातल्यासारखी, पाण्यात बुडून विजेवर चालणारी ओपनवेल मोटर आत सोडली होती. तिचा पाइप बंबाच्या डिलिव्हरी लाइनला जोडला होता आणि केबल मागच्या कप्प्यातून बाहेर काढली होती. डिझेल इंजिन रेस केल्यावर मोटरचा आवाज कोणाला येणार? बंबाच्या पंपात इम्पेलरच, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाकच नव्हतं. इम्पेलर आणि व्हॉल्व्ह गनमेटलचे असतात, भंगारात त्यांना चांगला भाव मिळतो, त्यामुळे ते आधीच काढले जातात आणि रिकाम्या केसिंगला रंग मारला जातो.

हे पकडायला एक मिनिट लागतं. बंबाचा पंप पीटीओवरून, म्हणजे गाडीच्याच इंजिनावर फिरतो. एक्सलेटर वाढवला की प्रेशर गेजचा काटा चढलाच पाहिजे, सोडला की धार लगेच खचली पाहिजे. धार तशीच राहिली तर पाणी दुसरीकडून येतंय. नेहमीच्या टाइप-बी वॉटर टेंडरची टाकी 4500 लिटरची असते आणि पंप 7 किलो दाबाला मिनिटाला 1800 लिटर फेकतो, म्हणजे पूर्ण जोरात टाकी अडीच मिनिटांत रिकामी होते. झिजलेला पंप कमी देईल, पण काटा हलेल.

मग इंजिन बंद करून सक्शनचं, म्हणजे पंप पाणी ओढून घेतो त्या तोंडाचं झाकण काढा आणि टॉर्च मारा. समोर इम्पेलरचा डोळा (मधलं भोक) आणि पाती दिसायला हवीत. झाकण परत घट्ट लावा, सगळे व्हॉल्व्ह आणि टाकीची लाइन बंद करा, प्रायमर (पंपातली हवा ओढून काढणारं साधन) चालवून गेज व्हॅक्यूमकडे नेऊन थांबवा. काटा भराभर परत आला तर ग्लँड पॅकिंग (फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी भरण), व्हॉल्व्हची सीट किंवा केसिंगची चीर यांपैकी काहीतरी गेलंय. पॅकिंग स्वस्तात बदलतं, केसिंग नाही. ग्लँडमधून चालू पंपात थेंब-थेंब पाणी गळणं बरोबर आहे. ते पूर्ण थांबवायला नट आवळत गेलं की पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चरे पडतात. नवखे लोक दुरुस्तीत हीच चूक करतात.

टाकीवर चुंबक फिरवा. जिथे सुटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. टाकी काठोकाठ भरून एक रात्र ठेवा. चेसिसवर टेकते तिथलं बूड सगळ्यात आधी सडतं आणि टाकी उचलल्याशिवाय ते दिसत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात असली पुट्टी पापुद्र्यासारखी निघते. घंटेलाही चुंबक लावा. पितळेला चिकटत नाही.

वयाची बढाई तर सहज तपासता येते. गोदीतला स्फोट 14 एप्रिल 1944 चा, आणि टाटाचे ट्रक 1954 पासूनचे. 1969 पर्यंतच्या टाटा गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असे, कारण तोवर त्या कंपनीशी करार होता.

व्हीए नंबरचं, म्हणजे विंटेज गाडीला मिळणाऱ्या खास नोंदणी नंबरचं आमिष सगळ्यात वाईट. 2021 च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा एम-1 वर्गातली, म्हणजे प्रवासी मोटार. बंब त्यात बसत नाही. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून पालिकांसह सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात जातात. म्हणून जुना बंब खासगी जागेत उभा करायचा, एवढ्याच तयारीने घ्या. त्यासाठीही मूळ लिलावाचं विक्रीपत्र मागा आणि चेसिस नंबरची पेन्सिलछाप स्वतः घेऊन त्याच्याशी ताडा. नंबरभोवती ताजा ग्राइंडर फिरलेला दिसला तर एक रुपयाही देऊ नका.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. पोलिस तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली होते. पंचनामा होईपर्यंत पंप खोलू नका, रंग काढू नका, मोटर आणि केबल असतील तर जागच्या जागी ठेवून फोटो काढा.