३×२ मिमीचे निओडिमियम चुंबक : एकाच प्रेडेटरमधून दोन रणगाडे

वॉरहॅमर ४०,००० हा छोट्या प्लास्टिक मॉडेलांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ. त्यातल्या प्रेडेटर या रणगाड्याच्या पेटीत टरेटसाठी, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजासाठी, ऑटोकॅनन ही तोफही येते आणि जुळी लासकॅनन ही लेसर तोफही. बाजूच्या स्पॉन्सनसाठी, म्हणजे दोन्ही कुशींना बाहेर आलेल्या तोफेच्या कप्प्यांसाठी, हेवी बोल्टर या बंदुकांची एक जोडी, लासकॅननची एक जोडी. खेळाच्या नियमांच्या २०२३ला आलेल्या दहाव्या आवृत्तीत ऑटोकॅननचा डिस्ट्रक्टर आणि लासकॅननचा ॲनिहिलेटर ही दोन वेगळी युनिटं आहेत, त्यामुळे एक तोफ कायमची चिकटवली की दुसरी आयुष्यभर डब्यात पडून राहते. मराठवाड्यात बहुतेकांना ही पेटी ऑनलाइनच मागवावी लागते. गोंदाऐवजी गाडीत आणि तोफेत चुंबक बसवले की तोफा हव्या तेव्हा बदलता येतात. तेव्हा एका पेटीतून दोन्ही गाड्या उभ्या करणारं, ३ मिमी व्यासाच्या आणि २ मिमी जाडीच्या ५० चुंबकांचं पाकीट हा या छंदातला सगळ्यात शहाणा खर्च आहे, असं आमचं ठाम मत आहे. मात्र पाकिटावर जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्याला भुलू नये.

छापलेलं असतं ‘एन५२’. हा आकडा चुंबकाच्या कमाल ऊर्जा-गुणाकाराचा, म्हणजे ढोबळमानाने ताकदीच्या ग्रेडचा, आणि एन३५ या खालच्या ग्रेडच्या तुलनेत ओढीतला फरक जेमतेम दीडपट. तोफेचं वजन काही ग्रॅम. ती धरून ठेवायला एन३५सुद्धा पुरतो. घरबसल्या ग्रेड तपासायची सोयही नाही. त्यापेक्षा माप तपासा. असे चुंबक साधारण ०.१ मिमी इकडे-तिकडे असतात आणि तेवढ्या फरकाने भोक घट्ट किंवा सैल होतं. पाकीट आलं की व्हर्नियर कॅलिपरने दहा-बारा नग मोजा, कडेला निकेलचा मुलामा उडालेले बाजूला काढा. हे चुंबक काचेसारखे ठिसूळ असतात, लांबून एकमेकांवर आदळले की टवका उडतो. उडालेल्या जागी पावसाळ्यात गंज धरतो.

मापांमध्ये ३×२च का? ३×१ पातळ, ओढ कमी. ५×२ची पकड उत्तम, पण प्रेडेटरच्या तोफांच्या बुडाशी एवढी जागा नसते, प्लास्टिक कडेला फाटतं. आणि ती इतकी जोरात धरते की काढताना नाजूक नळीवर जोर येतो. ३×२ या दोन्हीच्या मधलं. हिशेब असा : टरेटमध्ये एक आणि दोन्ही तोफांना एकेक मिळून तीन; प्रत्येक स्पॉन्सनवर एक आणि चार तोफांना एकेक मिळून सहा. एकूण नऊ. टरेट स्वतःच्या वजनाने खाचेत बसतो, त्याला चुंबकाची गरज नाही. म्हणजे ५०च्या पाकिटात पाच गाड्या होतात आणि हरवायला पाच नग उरतात.

आता भोक. खरी पकड इथेच ठरते, आणि बहुतेकांची फसगतही इथेच होते. इलेक्ट्रिक ड्रिल वापरू नका. मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, घर्षणाने वितळून बिटाला चिकटतं आणि भोक वाकडं होतं. बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल, म्हणजे पिन व्हाइस, घ्या. सुईने मध्यबिंदू टोचा, १ मिमीने सुरुवात करा, मग २, मग ३. चुंबक अडत असेल तर ३.१चा बिट लागतो. छंदाच्या सामानात तो सहसा नसतो, पण छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या टूलच्या दुकानांत ०.१च्या फरकाने सुटे बिट मागून बघा. तिथला साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट प्लास्टिकला पुरून उरतो.

खोली मोजताना एक गोष्ट हमखास सुटते. बिटाचं टोक ११८ अंशांचं शंकू असतं. ३ मिमीच्या बिटात हा शंकू सुमारे ०.९ मिमी उंच. म्हणून टोकापासून २ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून भोक पाडलं तर सपाट बुडाचा चुंबक जवळपास एक मिमी वर डोकावतो. पट्टी टोकापासून २.९ मिमीवर गुंडाळायची. तळाला उरलेली शंकूची पोकळी वाया जात नाही, जास्तीचा गोंद तिथेच मावतो. स्पॉन्सनची भिंत मात्र एवढी जाड नसते, बिट आरपार जातो. त्यावर उपाय पेटीतच असतो : सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिचा उरलेला तुकडा कापून आतल्या बाजूने प्लास्टिक सिमेंटने जोडा, एक रात्र वाळू द्या, मगच भोक पाडा.

प्लास्टिक सिमेंट चुंबकाला चालत नाही, कारण ते प्लास्टिक विरघळवून जोडतं आणि धातूवर त्याचा काही उपयोग नाही. फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद किंवा दोन नळ्यांचा ॲराल्डाइट, यांपैकी एक. सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने धरतो. एप्रिल-मे महिन्यात नांदेड-परभणीकडची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा तो रेंगाळतो. ऐन पावसाळ्यात भराभर धरतो, पण आजूबाजूला पांढरी वाफ बसते. उन्हाळ्यात काम असेल तर आम्ही ॲराल्डाइटकडे झुकतो. वेळ लागतो, पण झटक्याला तो जास्त तग धरतो. चुंबकाची गोंद लागणारी बाजू आधी ४००च्या पॉलिश पेपरवर दोनदा घासा, गुळगुळीत निकेलवर गोंद नुसता सालासारखा सुटतो. दिसणारी बाजू घासू नका.

भोक घट्ट असेल तर आत कोंडलेली हवा चुंबकाला परत वर ढकलते. कटरने भोकाच्या कडेला उभी बारीक चीर पाडली की हवा निघून जाते. चुंबक दाबायला कटरचं पातं किंवा चिमटा घेऊ नका, पोलाद ओल्या गोंदातून त्याला उपटून आणतं. आगपेटीची काडी उत्तम. आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत जोडीदार चुंबक जवळ आणून बघायचा मोह आवरा.

ध्रुव उलटे बसले तर सगळी मेहनत पाण्यात. गाडीतला चुंबक आधी पक्का करा. त्याच्यावर दुसरा चुंबक आपोआप चिकटू द्या आणि त्याच्या बाहेरच्या तोंडावर मार्करने ठिपका द्या. हा ठिपका तोफेच्या भोकात खाली जायचा. दोन्ही स्पॉन्सनवर एकच ध्रुव बाहेर ठेवा, म्हणजे तोफांच्या चुंबकांची दिशाही सगळीकडे एकच राहते.

या मापाचा खरा दोष एकच, आणि तो टरेटवर दिसतो. गोल चुंबक तोफेला ओढून धरतो, पण फिरण्यापासून अडवत नाही. लांब ऑटोकॅनन गाडी उचलताच मान टाकते. इथे जास्त ताकदीचा चुंबक घेणं हा चुकीचा इलाज. बुडाला जागा असेल तर ३×२च्या ऐवजी २×१ मिमीचे दोन चुंबक शेजारी-शेजारी बसवा, एकाचा उत्तर बाहेर, दुसऱ्याचा दक्षिण. तोफ फिरत नाही, आणि उलटी लावायला गेलं तर स्वतःच दूर सरते. जागा नसेल तर चुंबकाच्या बाजूला १ मिमीच्या तारेची खुंटी आणि समोर तेवढंच भोक. पितळेची तार चालते, तिला ओढीशी देणंघेणं नाही.

रंगवताना चुंबकाच्या तोंडावर मास्किंग टेप लावा. प्रायमर, रंग, व्हार्निश असे थर दोन्ही बाजूंना चढले की मधे फट पडते, आणि इतक्या छोट्या चुंबकाची ओढ फटीमुळे झपाट्याने घटते. पकड ढिली पडल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा चुंबक नसतो, हा थर असतो.

साध्या एन ग्रेडची मर्यादा ८० अंश सेल्सिअस आहे. खोलीतल्या उकाड्याने त्यांना काही होत नाही, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डबा ठेवू नका. तिथे चुंबकाच्या आधी पातळ नळ्या वाकतील. पाकीट लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा : दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

पहिल्या गाडीसाठी ३×२चं ५०चं पाकीट आणि २×१चे वीस नग मागवा. एन३५ आणि एन५२च्या किमतीत फरक असेल तर एन३५ घ्या आणि वाचलेल्या पैशांत ३.१चा बिट.