अल्कोहोल इंटरलॉक : मागच्या सीटवर मुले असतील तर

अल्कोहोल इंटरलॉक म्हणजे चालकाच्या श्वासात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दारू आढळल्यास गाडी सुरूच होऊ न देणारे यंत्र. त्याची परीक्षणे बहुधा ते वापरणे भाग पडलेला चालकच लिहितो. साहजिकच त्यांत फुंकण्याचा त्रास, ठरावीक मुदतीने कराव्या लागणाऱ्या तपासणीची कटकट आणि चारचौघांत वाटणारी लाज यांपलीकडे फारसे काही येत नाही. माझ्या भावाच्या गाडीत हे यंत्र न्यायालयाच्या आदेशाने बसवले गेले. त्याच गाडीतून त्याची दोन्ही मुले शाळेत जातात आणि पुष्कळदा मीही सोबत असते. त्यामुळे या यंत्राकडे मी चालकाच्या नव्हे, तर त्या मुलांच्या बाजूने पाहते आणि त्याच दृष्टीने हे लिहीत आहे.

यंत्राची रचना साधी आहे. मुठीत मावेल एवढा एक भाग वायरने डॅशबोर्डखालच्या पेटीला आणि ती पेटी गाडीच्या स्टार्टरला जोडलेली असते. गाडी सुरू करण्यापूर्वी त्या भागात एका दमात साधारण दीड लिटर हवा फुंकावी लागते. काही मॉडेलांत फुंकताना गुणगुणावेही लागते. आतल्या फ्युएल सेलमध्ये श्वासातील अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण काढले जाते. ते ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे बहुतेक ठिकाणी ०.०२ टक्क्यांच्या आसपास असलेल्या आकड्यापेक्षा, जास्त भरले की इंजिन सुरूच होत नाही. किल्लीला अडकवण्याजोगी जी स्वस्त श्वासचाचणी यंत्रे मिळतात, त्यांतील अर्धवाहक सेन्सर इतर वाफांनाही प्रतिसाद देतो. त्या मानाने हे मोजमाप बरेच भरवशाचे आहे. माउथवॉशने गुळण्या करून लगेच फुंकल्यास मात्र हेही फसते. अशा वेळी पाण्याने चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकावे.

यंत्राचा सर्वांत मोठा गुण माहितीपत्रकात कुठेच लिहिलेला नाही. ज्या घरात आई किंवा वडील पितात, तेथील मुलांच्या अंगावर एक काम कोणीही न सांगता येऊन पडते, ते म्हणजे पाळत ठेवण्याचे. दाराची कडी कशी वाजली, जिना चढतानाची पावले कशी पडली, फोनवर नेहमीपेक्षा जास्त लाडाने बोलणे झाले का, या खाणाखुणांवरून आजची संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज ही मुले मोठ्यांपेक्षा अचूक बांधतात. माझी भाची गाडीत बसण्याआधी नेमाने पाण्याची बाटली पुढे करायची आणि म्हणायची, "बाबा, झाकण नीट लावून दे ना." झाकण आधीच नीट लागलेले असे. तिला पाहायची असत ती त्याची बोटे. बोटे चाचपडली की तिच्या पोटात दुखू लागे आणि ती मुकाट्याने आईसोबत चालत शाळेत जाई. हे मला कळले ते यंत्र बसल्यानंतर, तिनेच सांगितले म्हणून. आता झाकणाची गरज उरलेली नाही. पडद्यावर अनुमतीची खूण आली की ती दप्तर सीटवर टाकते आणि बसते. बापाला नाही म्हणण्याचे काम एका पेटीने आपल्याकडे घेतले, एवढ्यावरही मी या यंत्राला पसंती देईन.

ही धास्ती अनाठायी नसते. अमेरिकेत २००१ ते २०१० या काळात, प्यालेल्या चालकाचा सहभाग असलेल्या अपघातांत १५ वर्षांखालील २३४४ मुले प्रवासी म्हणून दगावली. त्यांपैकी १५१५, म्हणजे सुमारे ६५ टक्के मुले, त्या प्यालेल्या चालकाच्याच गाडीत बसलेली होती. समोरून येणारा कोणीतरी परका बेवडा हा जो धोका आपण मुलांना शिकवतो, तो खरा असला तरी दुय्यम आहे. शिवाय सीटबेल्ट लावून घेण्याची जबाबदारी ज्या मोठ्या माणसावर असते, त्याचेच भान सुटलेले असल्याने या मुलांपैकी पुष्कळांना पट्टाही लावलेला नसतो.

दुसरा गुण सकाळचा. रात्री पिऊन गाडी चालवू नये हे पिणारेही मान्य करतात. सकाळी मात्र "रात्रीच उतरली" असे म्हणून निर्धास्तपणे मुलांना शाळेत सोडायला निघतात. शरीर अल्कोहोलचा निचरा साधारणपणे ताशी ०.०१५ टक्के या गतीने करते आणि गार पाण्याची आंघोळ किंवा कडक कॉफी यांनी ती गती वाढत नाही. मध्यरात्री शेवटचा घोट घेताना रक्तात ०.१५ टक्के अल्कोहोल असेल, तर सकाळी आठ वाजता ०.०३ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असते. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेल्या माणसाला यंत्र नकार देते, तेव्हा तो यंत्राला खोटे ठरवतो. आमच्याकडेही सुरुवातीला हेच झाले. पण हिशेब यंत्राच्याच बाजूने होता.

आता दोष. पहिला इतका गंभीर आहे की तो दूर केल्याशिवाय हे यंत्र मुले असलेल्या घरात बसवूच नये. दीड लिटर हवा दहा-बारा वर्षांचे मूलही फुंकू शकते. आमच्या पहिल्या मॉडेलला कॅमेरा नव्हता आणि कॅमेऱ्याचे मॉडेल उपलब्ध असल्याचे बसवणाऱ्या केंद्राने आम्हांला सांगितले नाही. वाटेत अधूनमधून यंत्र पुन्हा फुंकायला लावते. अशाच एका फेरीत भावाने ते मागे माझ्या भाच्याच्या हातात दिले आणि "एवढं फुंक, आईला सांगू नकोस" असे बजावले. मुलाने फुंकले. पुढे कित्येक दिवस तो बापाशी धड बोलत नव्हता आणि आईच्या नजरेला नजर देत नव्हता. जे यंत्र मुलाच्या अंगावरचे ओझे उतरवण्यासाठी होते, त्यानेच त्याला गुन्ह्यातला भागीदार केले. कॅमेऱ्याच्या मॉडेलात फुंकणाऱ्याचे छायाचित्र नोंदीसोबत साठवले जाते, त्यामुळे ही पळवाट बऱ्याच अंशी बंद होते. तरीही मुलांना आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे, की बाबा असोत वा आई, कोणीही सांगितले तरी फुंकायचे नाही, आणि तसे सांगितलेच तर ते घरात बोलल्याने कोणाचाही विश्वासघात होत नाही.

चालत्या गाडीत चाचणी चुकली किंवा टाळली तर यंत्र इंजिन बंद करत नाही, कारण तसे करणे अधिक धोक्याचे ठरेल. ते नोंद करते आणि मॉडेलनुसार हॉर्न व दिवे चालू करते. शाळेच्या फाटकासमोर हे झाले तर मुलांची काय अवस्था होते, याचा विचार बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. केंद्रातील तपासणी आणि नोंदींचा अहवाल यांबाबत तक्रार नाही.

यंत्राची मर्यादा मात्र ओळखून असावे. ते फक्त या गाडीला कुलूप घालते. शेजाऱ्याच्या गाडीला किंवा घरातल्या बाटलीला नाही. ते बसवलेले असेपर्यंत पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, पण काढून टाकल्यावर हा फायदा टिकत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. घरातील मद्यासक्ती ही बालपणातील प्रतिकूल अनुभवांपैकी एक म्हणून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात मोजली गेली होती आणि अशा अनुभवांची संख्या वाढते तसे मोठेपणीचे आजार व व्यसनेही वाढतात, असे त्यातून पुढे आले. हे नुकसान चार चाकांपुरते नसते. म्हणून यंत्राच्या मुदतीतच भावाचे उपचार सुरू केले आणि भाच्याला अलाटीनच्या सभेला नेले. पिणाऱ्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून चालणारा हा गट शुल्क घेत नाही आणि तेथे कोणाचे नाव बाहेर जात नाही. पहिल्या सभेत तो एक अक्षरही बोलला नाही, दुसरीला मात्र स्वतःहून तयार होऊन बसला.

न्यायालयाचा आदेश नसतानाही स्वेच्छेने यंत्र बसवता येते आणि ज्या घरात पिणारी व्यक्तीच मुलांची ने-आण करते तेथे ते जरूर बसवावे. घेताना कॅमेरा आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे, नोंदींचा अहवाल पिणाऱ्याव्यतिरिक्त घरातील आणखी एका प्रौढ व्यक्तीला मिळण्याची सोय मागून घ्यावी, आणि मुदत संपली की लगेच काढून टाकण्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ती वाढवावी; आम्ही ती वाढवली आहे.