कुटुंबाचा चुंबकी फळा: बाहुल्या कमी पडतात

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे जन्मदात्या घरापासून दूर तात्पुरती सांभाळायला, आमच्याकडे राहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीसाठी हा फळा घेतला; त्यावर चुंबकी बाहुल्या लावून आपलं कुटुंब मांडायचं. चुंबक पक्के, रंग टिकाऊ. पण संचात आई एकच, बाबा एकच, घरही एकच! हिला दोन घरं लागतात. जन्मदात्या आईला तिने मधोमध ठेवलं, दुसरीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाला आईला चिकटवून. मग शेजारचं मांजर. मी कडेला, आजीच्या बाहुलीच्या रूपात (वय तेवढं नाही हो माझं!). अ‍ॅन हार्टमन या अमेरिकन समाजकार्य-तज्ज्ञांनी १९७०च्या दशकात मांडलेला इकोमॅप, म्हणजे माणसाच्या नात्यांचा नकाशा, याहून मोकळा: कोरा कागद, वर्तुळं, घट्ट नात्याला जाड रेघ, विरळ नात्याला तुटक. शिवाय फुकट. तरी बाहुली सरकवता येते, रेघ खोडावी लागते. म्हणून तीन तारे. जादा आया सुट्या विका!