रात्री दोनला चहा देणारा कॅसिनो

छत्तीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. त्यामुळे लंडनमध्ये लेक म्हणाली, "बाबा, शनिवारी हिप्पोड्रोमला जाऊ", तेव्हा मला जुगारापेक्षा तिथली रोकड कशी हाताळतात याचीच उत्सुकता जास्त होती. "अहो, या वयात कॅसिनो?" हे वाक्य घरातून आलंच. प्रत्यक्षात सगळ्यांच्या आधी स्वेटर चढवून दारात उभी होती तीच.

लेस्टर स्क्वेअर स्टेशनातून जिना चढून वर आलं की कोपऱ्यावरच ही इमारत. रात्रीचे साडेदहा, रस्त्यावर जत्रा. तिकीट नाही, सभासदत्व नाही, अठरा पूर्ण असले की पुरे. तरुण दिसणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. माझ्याकडे कोणी मागितला नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

जावई इथे बरीच वर्षं आहे. तो सांगत होता की हे असं थेट आत शिरणं पूर्वी शक्यच नव्हतं. 1968 च्या कायद्याखाली कॅसिनो म्हणजे सभासदांचा क्लब. आधी नाव नोंदवायचं, मग थांबायचं. शेवटी शेवटी ती मुदत चोवीस तासांची होती. दोन पेग झाले, लहर आली आणि घुसलो, असं होऊ नये म्हणून. जाहिरातीलाही बंदी. 2005 च्या कायद्याने हे सगळं सैल केलं आणि कॅसिनो गल्लीतला गुपचूप क्लब न राहता हमरस्त्यावरचं दुकान झाला. गंमत म्हणजे पलीकडच्या मेफेअरमधले बडे क्लब, जिथे खरे धनिक खेळायचे, ते मिटत चालले. रिट्झ क्लब 2020 मध्ये बंद झाला, 1828 पासूनचं नाव मिरवणारा क्रॉकफर्ड्स 2023 मध्ये.

हिप्पोड्रोमची गोष्ट वेगळी, कारण ही वास्तू मुळात करमणुकीसाठीच बांधलेली. फ्रँक मॅचम या नाट्यगृहांच्या वास्तुविशारदाने 1900 मध्ये उभारली तेव्हा इथे सर्कस चालायची आणि मधोमध पाण्याचा प्रचंड हौद होता. 1904 मध्ये बंधनातून सुटण्याचे प्रयोग करणाऱ्या जादूगार हुदिनीने याच जागी भर प्रेक्षकांत हातकड्या सोडवून दाखवल्या, त्याला तासाहून जास्त वेळ लागला. 1958 पासून जेवता जेवता गाणी ऐकायचा क्लब, पुढे डिस्को, आणि 2012 पासून कॅसिनो. वरच्या सज्जातल्या स्टेक हाउसला हेलियट हे नाव आहे, ते इथे सिंह खेळवणाऱ्या बाईचं. आमचा शनिवार असल्यामुळे आम्ही मेनू कार्ड वाचून खाली आलो.

आता टेबलाकडे. मी ठरवून चाळीस पौंड वेगळ्या खिशात ठेवले होते. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोटी कुठल्या आकड्याच्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. त्याच्या टेबलावर नोटा ठेवल्या. खेळ चालवणाऱ्या डीलर मुलीने त्या हातात घेऊन आमच्यासारख्या फडफडवून मोजल्या नाहीत. वीस-वीसच्या दोन्ही नोटा टेबलावर सपाट, सुट्या मांडल्या, रक्कम मोठ्याने उच्चारली, वर कॅमेरा आहे म्हणून क्षणभर तशाच राहू दिल्या आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खाचेत ढकलल्या. मला निळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मिळाल्या. प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा, त्यामुळे कोणाची चिप कुठे यावरून भांडण नाही. ड्यूटी बदलताना तिने दोन्ही तळहात उलटेसुलटे करून दाखवले आणि बाजूला झाली. मी सौंना म्हटलं, "हे आमच्या शाखेत असतं तर दर मार्चअखेरीची रात्र वाचली असती." तिचं लक्ष नव्हतं, ती सतरावर चिप ठेवायला सांगत होती, कारण आमच्या लेकीचा जन्म सतरा तारखेचा.

सतरा आलं नाही. हिशेब साधा आहे. चाकावर शून्य धरून 37 घरं. प्रत्येक घरावर एक पौंड लावला तर 37 जातात. लागलेल्या घरावर 35 मिळतात आणि आपला एक परत, म्हणजे हाती 36. एक पौंड कॅसिनोचा, दर फेरीला. टक्केवारीत 2.7. कोणी फसवत नाही, सगळं उघड्यावर आहे, आणि तरीही आपण सतरावर ठेवतोच. पंचवीस मिनिटांत माझ्या निळ्या चिप्स संपल्या. मध्ये एकदा लाल रंगावर जिंकलो तेव्हा सौंनी जावयाच्या पाठीवर थाप मारली, हे घरात पूर्वी कधी घडलेलं नाही.

पण आम्ही निघालो पहाटे दोनच्या पुढे, आणि खेळलो फक्त ती पंचवीस मिनिटं. हेच या जागेबद्दल मला सांगायचं आहे. खालच्या मजल्यावर जितके खेळत होते, त्याहून कितीतरी अधिक लोक नुसते होते. डोक्यावर चमचमते मुकुट घातलेल्या मुलींचे घोळके, म्हणजे इथलं केळवण म्हणा. 2018 पासून इथे पुरुष नर्तकांचा कार्यक्रम चालतो, तो बघून आलेल्या. सज्जाच्या कठड्याला टेकून ग्लास धरून खाली बघणारे. आणि बाहेरचे बार बंद व्हायला लागल्यावर आत येणारा नवा लोंढा. या भागात रात्री उशिरा बसायला, स्वच्छतागृहाला जायला, चहा प्यायला उजेड असलेली जागा सोपी नाही. ती कॅसिनोने दिली.

फुकट मात्र कोणी काही देत नाही. जुगार आता लोकांच्या खिशातल्या फोनवर आहे, त्यासाठी ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडून इथवर कोण येईल? 2025 पासून फोनवरच्या स्लॉटला, म्हणजे चित्रं फिरवून जुळवायच्या खेळाला, एका डावाची कमाल मर्यादा पाच पौंड आहे, चोवीसपर्यंतच्या वयाला दोन. कॅसिनोतल्या स्लॉटच्या यंत्रालाही पाचच. मग इमारतीने विकायचं काय, तर संध्याकाळ. शो, जेवण, सज्जा, गर्दी. त्याच वर्षी 1968 च्या कायद्याखालच्या जुन्या परवान्याच्या कॅसिनोंनाही वीसऐवजी ऐंशीपर्यंत यंत्रं ठेवायची मुभा मिळाली, जागा मोठी असेल तर. मला हे आवडलं नाही. टेबलावर निदान समोर माणूस असतो, तो चाक फिरवेपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. यंत्राला श्वास लागत नाही.

दीडच्या सुमाराला माझ्या शेजारच्या खुर्चीवर काळी पँट, रबरी तळाचे बूट, अंगाला तळणाचा वास असलेला माणूस येऊन बसला. कुठल्या तरी स्वयंपाकघरातली पाळी संपवून आला असावा, पलीकडेच चायनाटाउन. तो सज्जा बघत नव्हता, शो बघून आला नव्हता. खालमानेने, न बोलता, एकाच आकड्यावर चिप्स ठेवत होता. मी चिप्स संपल्यावरही चहा घेऊन तिथेच बसलो होतो. त्याने त्या वेळात तीनदा नोटा बदलून घेतल्या. मोजायची सवय आहे, नजर जातेच.

जाणार असाल तर एक ऐका. फक्त वास्तू बघायची असेल तर शनिवारी रात्री जाऊ नका. जागा चोवीस तास उघडी असते. मी पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला एकटाच परत गेलो. टेबलांवर आच्छादनं, एक माणूस गालिच्यावर यंत्र फिरवत होता, दोन आजीबाई स्लॉटपुढे पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. छतावरचं काम मान वर करून निवांत बघता आलं. शनिवारी तिकडे कोणी मान वर करतच नाही. परतायचं शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री असेल तर नॉर्दर्न आणि पिकॅडिली, दोन्ही लाइन रात्रभर चालतात. आम्ही दोन-वीसची गाडी पकडली. सौ. अख्खा प्रवास एकच म्हणत होती, सतराच्या शेजारचं घर लागलं होतं. चाकावर सतराच्या शेजारी चौतीस आणि पंचवीस असतात, आणि त्या रात्री त्यातलं एकही आलं नव्हतं, पण मी बोललो नाही.